कोमट पुंगळी

१

शुगर लँडच्या घरात माझ्याकडे एकच खातं आहे, दुपार. सकाळ सुनेकडे असते, संध्याकाळ नातीच्या क्लासेसकडे, आणि रात्र मुलाच्या लॅपटॉपकडे कायमची वर्ग झालेली आहे. दुपारचा कारभार मी एकटा पाहतो. सगळे गेले की चहा करायचा, पडदे ओढायचे, कारण बाहेर टेक्सासची हवा ओल्या पंचासारखी तोंडावर बसते, आणि मग माझ्या खोलीतल्या फळीवरची धूळ पुसायची. या घरात धूळ नसते. तरी पुसतो. कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीत हयात काढलेल्या माणसाला काम नसतानाही काम करत राहण्याचा सराव असतो.

माझी खोली म्हणजे मुळात श्रीरंगची, माझ्या मुलाची, स्टडी. फळीवर त्याच्या पाइपलाइनच्या कंपनीने दिलेली काचेची बक्षिसं आहेत, माझ्या नातीचा, केयाचा, बिनदातांचा फोटो आहे, आणि एक पुंगळी आहे. पुंगळी म्हणजे गोळी निघून गेलेलं रिकामं काडतूस. पितळेची, माझ्या मधल्या बोटाएवढी लांब, तोंडाशी निमुळती. बुडावर इंग्रजीत कोरलं आहे, ४७० नायट्रो एक्सप्रेस. मिरजेहून सुटणाऱ्या गाडीचं नाव वाटावं असं.

नोकरीत मी शस्त्र परवान्यांच्या टेबलावर होतो. राधानगरी, गगनबावड्याकडचे शेतकरी गव्यांना हाकलायला ठासणीची बंदूक मागत आणि मी त्यांना हेलपाटे घालायला लावत असे. बंदूक स्वतः कधी उडवली नाही. इथे काडतुसं तंबू आणि मासेमारीच्या गळांच्या शेजारी, उघड्यावर विकायला असतात, आणि विकणारा पोरगा वर 'दिवस छान जावो' म्हणतो. कुणाचा, ते विचारायची सोय नाही.

तर त्या दुपारी मी पुसायला म्हणून पुंगळी उचलली आणि ती कोमट होती.

गरम नव्हे. चहा पिऊन कुणीतरी नुकताच कप खाली ठेवावा, तशी. खोलीत एसी चालू, पडदे बंद, शेजारची काचेची बक्षिसं गार. मी ती नाकाशी नेली. बार उडाल्याचा वास आला, ताजा, दिवाळीच्या पहाटे अंगणात येतो तसा. श्रीरंगने आफ्रिकेत तो बार काढला त्याला वर्ष उलटून गेलं होतं.

मी ती जागेवर ठेवली आणि मनाशी म्हटलं, हुपरीकर, तुमचे हात थंड पडायला लागलेत. वय झालं.

२

शिकारीचं खूळ डॉक्टर गद्र्यांचं. नरेंद्र गद्रे, हृदयाचे डॉक्टर, फार पूर्वी इथे आलेले, आता निवृत्त. आयुष्यभर हृदयं चालू ठेवल्यावर उतारवयात त्यांना ती बंद पाडायची हौस आली. मंडळाच्या गणपतीत त्यांची नि श्रीरंगची गट्टी जमली आणि आमचे चिरंजीव त्यांच्याबरोबर झांबेझीच्या खोऱ्यात जाऊन पोचले. लहानपणी झुरळ दिसलं की हा पलंगावर चढून आईला हाका मारायचा. चाळिशी ओलांडली की कुणी मॅरेथॉन धावतं, कुणी विपश्यनेला बसतं. याने दोन नळ्यांची रायफल घेतली.

एरवी माझ्याशी तो 'बाबा, काही लागलं तर सांगा' एवढंच बोलतो. काडतुसांचा विषय निघाला की मात्र खुलायचा.

"हरणाची गोळी रेड्याला लागत नाही, बाबा. म्हणजे लागते, पण ही डझन्ट केअर. केप बफेलो म्हणजे रणगाडा. त्याला पाचशे ग्रेन वजनाची गोळी लागते. पहिली सॉफ्ट, आत जाऊन फुलते. दुसरी सॉलिड, हाड फोडून आरपार."

"आणि तिसरी?"

"तिसरीला वेळ मिळत नाही."

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्याने रेडा मारला. भिंतीवर डोकं का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "कस्टम्सचं लफडं असतं." कचेरीत असताना मीही लोकांना असंच सांगायचो, म्हणून पुढे विचारलं नाही.

त्या रात्री जेवताना मी सहज म्हटलं, "ती तुझी पुंगळी दुपारची गरम लागते रे."

"आजोबा, इट्स ब्रास," केया ताटातून मान वर न काढता म्हणाली. "ब्रास कंडक्ट्स हीट. वी डिड इट इन सायन्स."

"बाबा, तुमच्या खोलीचा व्हेंट चेक करायला हवा," अस्मिता म्हणाली. सून गुणी आहे. जगातल्या प्रत्येक अडचणीला तिच्याकडे दुरुस्तीवाल्याचा नंबर असतो.

श्रीरंगने काटा खाली ठेवला. कशामुळे, असं त्याने विचारलं नाही. शहाणा माणूस तेच विचारील.

त्याने विचारलं, "किती गरम?"

३

घरामागे हिरवळीचा तुकडा, मग कमरेएवढं लाकडी कुंपण, त्यात एक फाटक, आणि फाटकापलीकडे ओढा. ओढ्याच्या काठाने सरकारी पट्टा आहे. त्यात माणूस बुडेल एवढं गवत, वेत आणि काटेरी झुडपं. बाकी सगळी वसाहत दाढी केल्यासारखी, आणि मागे हे रान. पावसाळी उन्हाळ्यात ते कापायचं राहिलं होतं.

पुंगळी रोज कोमट लागू लागली. त्याला मी सरावलो. माणूस कशालाही सरावतो, मी तर सुनेच्या किन्वालाही सरावलो. पण मग एका दुपारी मागचं सरकतं दार उघडं होतं आणि आत वास आला.

हा वास मला कुणी शिकवायला नको. कोल्हापूरच्या गंगावेशीत, म्हशींच्या शेजारी उभं राहून मी धारोष्ण दूध प्यायलो आहे. ओल्या म्हशीचा वास, शेण, चिखल, आंबलेली वैरण, आणि या सगळ्याखाली दुसरं काहीतरी होतं. पट्टी न बदललेल्या जखमेचं.

मग आवाज. श्वास. नाकातून जोरात सोडलेला, मध्ये थांबलेला, पुन्हा सोडलेला. गोठ्यात दिवा लावला की अंधारातून तुमच्याकडे बघून जनावर सोडतं तसा. फक्त गोठ्यातला आवाज निवांत असतो. हा ऐकत होता.

मी तर्काने विचार केला. या भागात रानडुकरं आहेत. शेजारच्यांची हिरवळ त्यांनी नांगरून ठेवलेली मी स्वतः पाहिली होती. डुक्कर घाण करतं, डुक्कर श्वास घेतं. प्रकरण निकाली.

दुसऱ्या सकाळी फाटकाच्या आतल्या मऊ मातीत खूर उमटलेले दिसले. डुकराचा खूर माझ्या मुठीत मावला असता. यात माझी चहाची बशी मावत होती. तीन खूर खोल, चौथा घासत नेलेला.

मी पायाने माती सारखी केली. का केली ते विचारू नये. कचेरीत आम्ही अशाला 'प्रकरण वरिष्ठांपर्यंत न नेणे' म्हणत असू.

४

डॉक्टर गद्रे शनिवारी चहाला आले तेव्हा श्रीरंग बाहेर गेला होता. आम्ही दोघेच होतो. मी बिस्किटं पुढे केली आणि विचारलं, "डॉक्टर, त्या रेड्याचं डोकं कस्टम्सनं अडवलं म्हणे?"

ते हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

"त्याने तुम्हाला असं सांगितलं?"

"तुम्ही दुसरं काही सांगणार असाल तर मी चहा आणखी टाकतो."

गद्र्यांनी कप खाली ठेवला. "हुपरीकरसाहेब, रेडा मिळालाच नाही. गोळी पोटात लागली. खांद्यात मारायची असते, याचं धक्क्याच्या भीतीने बोट आधीच दाबलं गेलं. जनावर झाडीत शिरलं. आणि जखमी जनावर सोडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. ते थांबून राहतं. आपल्याच मागावर वळून, झाडीत गप्प उभं राहतं, आणि शोधायला येणाऱ्याची वाट बघतं. त्यासाठीच असल्या तोफा न्यायच्या. मारण्यासाठी नाही, संपवण्यासाठी."

"मग?"

"शोधलं की. गाईड, माग काढणारी माणसं, आम्ही. रक्त दिसायचं, वास यायचा, जनावर नाही. मग आमच्या विमानाची वेळ झाली." ते पुन्हा हसू लागले. "निघताना श्रीरंग त्या झाडीच्या कडेला गेला, दोन मिनिटं उभा राहिला आणि काय म्हणाला असेल? 'येतो.' अहो, घरातून निघताना बायकोला म्हणतात तसं! मला हसू आवरेना. गाईडने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, ही सेज, आय ॲम कमिंग. तर तो म्हणाला, मग रेड्याला सांगा वाट बघू नकोस, जीप निघाली."

गद्रे पुष्कळ हसले. मीही हसलो. आमच्या पिढीत पाहुण्याबरोबर हसण्याची पद्धत आहे.

५

आमच्या घरात 'जातो' म्हटलेलं चालत नसे. श्रीरंग शाळेला निघताना 'जातो' म्हणाला की मी त्याला उंबऱ्यावरून परत बोलवायचो. "जातो नाही, येतो म्हणायचं." हे सगळ्याच मराठी घरांत शिकवतात. निघणारा 'येतो' म्हणतो, राहणारा 'या' म्हणतो, आणि दोघांनाही माहीत असतं की यात फारसं काही ठरलेलं नाही. हा खोटेपणा मी त्याला कान धरून शिकवला.

तो चांगला शिकला. पहिल्यांदा मुंबईच्या विमानतळावर मला 'येतो' म्हणाला. मग दर वर्षी फोनवर. सुमित्रा, त्याची आई, अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाला, "आई, येतो." तिच्या अंगात बोलण्याचं बळ नव्हतं, तरी तिने 'ये' म्हटलं. तो आला. थेट पंचगंगेच्या घाटावर, दहाव्याला, पिंड मांडून आम्ही उभे होतो तेव्हा. कावळा त्याच्या आधी आला होता.

आम्ही कुणी त्याला त्याच्या शब्दाची आठवण दिली नाही. माणसं देत नाहीत. जनावराला मात्र ही सभ्यता कुणी शिकवलेली नसते. त्याने शब्द जसा कानावर पडला तसा घेतला असेल, तर दोष त्याचा नाही.

रेडा म्हटलं की आपल्याकडे दोनच आठवतात, एक वेद बोलणारा आणि एक यमाला पाठीवर घेणारा. हा तिसरा. दिलेला शब्द धरून बसलेला. हे मी गमतीने लिहितो आहे असं समजावं. त्या वेळी मीही तसंच समजलो.

संध्याकाळी श्रीरंग मागच्या ओट्यावर उभा होता. अलीकडे तो तिथेच असायचा. फोन हातात, पण पडदा काळा.

"गद्रे आले होते," मी म्हटलं.

"हं."

"तिथून निघताना काय म्हणालास तू?"

त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "सवयीने गेलं तोंडातून, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

"तुला इथे वास येतो का?"

"मला ऑफिसात येतो," श्रीरंग म्हणाला. "इतक्या वर, सगळ्या काचा सील. मीटिंगमध्ये. मी आजूबाजूला बघतो, कुणाच्याच तोंडावर काही नाही." मग माझ्याकडे न बघता, "ते जवळ आलंय. पूर्वी फक्त पुंगळी होती."

झाडीत काहीतरी एक पाऊल सरकलं. आम्ही दोघांनीही ते ऐकलं, आणि दोघांनीही 'डुक्कर' म्हटलं. एकाच वेळी.

६

पुढच्या शनिवारी अस्मिता केयाला डान्स क्लासला घेऊन गेली. आकाश भरून आलं होतं. पुंगळीला हात लावला तर चटका बसला. मी ती रुमालात धरून बाहेरच्या खोलीत आणली, आणि पाहतो तर श्रीरंगने तिजोरी उघडून रायफल बाहेर काढलेली. अंगात नारिंगी टी-शर्ट. टेबलावर दोन जिवंत काडतुसं उभी होती, दोन्ही सॉलिड, बोथट नाकाची. देवापुढे समया ठेवाव्यात तशी.

"इथे बार काढायला बंदी आहे," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं. टेबल सुटलं तरी कारकून सुटत नाही.

"माहितीये."

"डुकरं आहेत ती."

"बाबा, तुम्ही कोल्हापूरचे. तुम्हाला डुक्कर वाटतं ते?"

मी रुमालातली पुंगळी टेबलावर ठेवली.

"जखमी जनावर सोडायचं नाही," तो म्हणाला. "रूल आहे. मी गेलो नाही तर ते येईल. घरात केया आहे."

"एवढा नियम पाळणारा तू, मग तिथे सोडलंस कसं?"

"फ्लाइट होती, बाबा."

"आईच्या वेळीही फ्लाइटच होती. तेव्हा मिळत नव्हती."

त्याने रायफल बिजागरीशी दुमडून उघडली, दोन्ही नळ्यांत काडतुसं सारली आणि खटकन मिटवली. माझ्या बोलण्याचा त्याच्यावर परिणाम झाला असावा, कारण नळीत सारताना एक काडतूस त्याच्या हातून निसटलं होतं. मला त्याचं समाधान वाटलं. मग लाज वाटली. मी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. तो मोठा झाल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता.

"ऐक. आत जाऊ नकोस. फाटकापाशी उभा राहा आणि 'जातो' म्हण. मोठ्याने. येणार नाही, जातो. शब्द परत घे आणि घरात ये. एवढंच कर."

"सीरियसली, बाबा?"

"तुझा बाप खुळा झालाय असं समज. पण म्हण."

त्याने मान हलवली. लहानपणी औषध घ्यायला कबूल होताना हलवायचा तशी.

७

मी ओट्यावर उभा राहिलो. तो हिरवळ ओलांडून फाटकापाशी गेला. वारा पडलेला होता. झाडीत एक पान हलत नव्हतं, आणि एवढी झाडी इतकी स्थिर राहू शकत नाही, हे मला तेव्हा सुचलं.

तो काहीतरी बोलला. त्याच क्षणी घराच्या भिंतीला लावलेलं एसीचं धूड घरघरत सुरू झालं. मला फक्त शेवटचा 'तो' ऐकू आला. जातो की येतो. दोन्हींत फरक तो केवढा, एका अक्षराचा.

मग त्याने फाटक उघडलं आणि आत गेला.

"श्रीरंग!" मी ओरडलो. गवत त्याच्यामागे मिटलं. नारिंगी रंग थोडा वेळ वेतांतून दिसत राहिला. त्याच्या उजव्या अंगाला गवत वेगळं हलत होतं. पहिल्यांदा मला वाटलं वारा आला. मग त्या गवताच्या वर एक पाठ आली. काळी, ओली, चिखल सुकून भेगाळलेली, दाराएवढी रुंद. ती अंगावर धावून जात नव्हती. त्याच्या बरोबरीने चालत होती, त्याच्या चालीने, एका पायावर लचकत. धार काढायला नेणाऱ्याच्या शेजारून म्हैस चालते तशी. श्रीरंगचं तोंड तिच्याकडे वळलेलं होतं. तो काहीतरी ऐकत होता.

दोघं उताराला लागली आणि दिसेनाशी झाली. बार झाला नाही. पाऊस आला.

किती वेळ मी भिजत उभा होतो, सांगता येणार नाही. मग पुढच्या दाराची घंटा वाजली.

मी घरातून धावत गेलो. काचेपलीकडे श्रीरंग उभा होता. नारिंगी टी-शर्ट. एक हात पोटावर दाबलेला. रायफल नव्हती. त्याच्यामागे रस्त्यावर पावसाच्या धारा कोसळत होत्या, आणि तो कोरडा होता.

"आलो, बाबा," तो म्हणाला.

घरी आल्यावर हा मुलगा वर्षानुवर्षं 'हाय' म्हणत आला आहे. 'आलो' मी त्याच्या तोंडून शाळा सुटल्यानंतर ऐकलं नव्हतं. त्याला स्वतःच्या घराची किल्ली होती, दाराच्या कुलुपाचे आकडे पाठ होते. तरी तो आत आला नाही. कुणीतरी म्हणावं म्हणून उभा राहिला.

माझं तोंड माझ्याआधी बोललं. सवय.

"ये," मी म्हणालो. "ये, आत ये."

८

त्यानंतर घरात सुख आलं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

श्रीरंग लवकर घरी येतो. लॅपटॉप बंद असतो. माझ्याशेजारी सोफ्यावर बसतो, काही न बोलता, तासन् तास, आणि तो शेजारी असला की बरं वाटतं, हे मला कबूल केलं पाहिजे. मी सुमित्राबद्दल बोलतो. तो ऐकतो. तिच्याबद्दल त्याला काहीच आठवत नसावं, कारण प्रत्येक गोष्ट नव्याने ऐकल्यासारखी ऐकतो. दिवाळीला मला घेऊन कोल्हापूरला जायचं, असं त्याने आपणहून ठरवलं. रायफलचं विचारलं तर म्हणाला, "राहिली तिकडे. राहू दे." पोटावरचा हात मात्र काढत नाही. अस्मिताने डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, ती त्याने हसून कॅन्सल केली.

"डॅड इज बीइंग वीअर्ड, आजोबा," केया माझ्या खोलीत येऊन म्हणाली.

"कसं?"

"ही लिसन्स टू मी. लाइक, द होल टाइम." तिने ओठ चावला. "ही डझन्ट ब्लिंक."

"त्याला नावं ठेवू नकोस. बाप आहे तो तुझा," मी म्हटलं. वाक्याचा शेवट जरा जोरात झाला.

एका दुपारी तो घरीच होता. आम्ही जेवत होतो आणि मागच्या झाडीतून बार झाला. एकच. ताटं हादरली. पाइपातून फुटावा तसा जाड, खोल आवाज, आणि त्याचा घुमारा ओढ्यावरून लांब गेला. मी बंदुकांची प्रकरणं हाताळलेला माणूस आहे, पण असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. श्रीरंगने घास हातात धरून पोट दाबलं. कपाळावर घाम आला. मग तो माझ्याकडे बघून हसला.

"ट्रान्सफॉर्मर," तो म्हणाला.

"ट्रान्सफॉर्मरच," मी म्हटलं.

तो खोलीत जाऊन पडला. मी मागच्या काचेपाशी गेलो. पलीकडे, झाडीच्या कडेला, वेत बाजूला झाले. त्यांतून एक हात बाहेर आला. बाही नारिंगी, चिखलाने माखलेली, खांद्यापाशी फाटलेली. हाताने फाटकाच्या दिशेने हवेत काहीतरी चाचपलं, जसं मध्ये भिंत आहे. मग ऐकू आलं.

"बाबा."

घसा बसलेला. पलंगावर चढून मारलेल्या हाकेसारखा.

मी विचार केला. सगळं आयुष्य मी पुराव्यावर काढलं. माझा मुलगा आतल्या खोलीत पडला आहे, त्याच्या घोरण्याचा आवाज मला ऐकू येतो आहे. एक माणूस दोन ठिकाणी हजर असू शकत नाही. तेव्हा झाडीत जे आहे ते माझा मुलगा नाही. आणि जे शेजारी येऊन बसतं, ऐकतं, मला घरी न्यायचं म्हणतं, ते तर आहेच. यात चूक कुठे आहे, ते मला आजही काढून दाखवता येत नाही.

मी सरकतं दार लावलं. खिटी घातली.

मागून आवाज आला, "बाबा, चहा टाकू?" त्याला चहा करता येत नव्हता. पण फक्कड झाला होता.

९

काल सकाळी ओढ्याकाठचं रान कापायला कंत्राटदाराची माणसं आली. दोन मोठे ट्रॅक्टर, मागे कुऱ्हाडीएवढी पाती फिरणारी गवत कापायची यंत्रं. शेजारीपाजारी खूश होते. श्रीरंग ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसला होता, पोटावर हात, माझ्या खांद्यावर दुसरा हात. त्या हाताचं वजन फार होतं.

मुकादम कुंपणापाशी आला. उंच, लाल मानेचा, वागायला सभ्य. टोपी काढून त्याने मला इंग्रजीत विचारलं, पाती चालू करण्याआधी विचारायची आमची पद्धत आहे, सर. यात आत काही आहे का? जनावर, झोपणारं कुणी, मुलांचं काही? तुम्ही दिवसभर घरी असता, तुम्हाला माहीत असेल.

त्याच्यामागे, गवताच्या आत, फार आत नव्हे, नारिंगी काहीतरी हललं. आणि थांबलं. तेही उत्तर ऐकायला थांबलं असावं.

खांद्यावरचा हात हलला नाही. नुसता तिथे होता. उबदार.

कचेरीत वरून विचारणा आली आणि सांगण्यासारखं काही नसलं, तर आम्ही कागदावर एकच शब्द लिहून सही करत असू. तो शब्द इंग्रजीत नीट येत नाही.

"नथिंग," मी म्हणालो. मुकादमाला ते पुरलं. माझं समाधान होईना, म्हणून ट्रॅक्टर सुरू झाल्यावर, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, मी ते मराठीत पुन्हा म्हटलं.

"निरंक."